शाळा रिकामी होते ती तिसऱ्या वर्षी

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळा बंद करण्याचा विषय निघाला की शासन पटसंख्येचा तक्ता पुढे करते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांवर गंडांतर आले, तेव्हा हाच तक्ता दाखविण्यात आला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविण्यात आले, तेव्हाही तोच. शासनाच्याच हिशेबाप्रमाणे अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे सरासरीने शाळेमागे बारा-तेरा मुले. पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले देण्यात आले. बारा मुलांमागे दोन शिक्षक परवडत नाहीत, मोठ्या शाळेत क्रीडांगण मिळेल, संगणक मिळेल, मुलांना गाडीने नेऊ-आणू, असा एकंदर युक्तिवाद.

या धोरणाला शिक्षक संघटनांनी, पालकांनी आणि डाव्या चळवळीने विरोध केला, तो सर्वस्वी योग्य होता. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे शिक्षण हक्क कायद्याचे नियम सांगतात. डोंगरातल्या ज्या पाड्यापर्यंत एस. टी. पोहोचली नाही, तेथे समूह शाळेची गाडी पावसाळ्यात पोहोचेल, यावर मंत्रालयातील बाबूंखेरीज कोणाचा विश्वास बसेल असे वाटत नाही. ओढा ओलांडून चार किलोमीटर चालणारी सात वर्षांची मुलगी पहिल्या पावसाळ्यातच घरी बसेल, हे सांगायला तज्ज्ञ समितीची गरज नाही. तेव्हा त्या विरोधाविषयी आमचे दुमत नाही. परंतु आज या स्तंभातून एक वेगळी, आणि आपल्याच कार्यकर्त्यांना काहीशी अप्रिय वाटेल अशी गोष्ट मांडावयाची आहे. शाळा बंद होण्याच्या वेळी आपण दारात उभे राहतो. ती रिकामी होऊ लागते तेव्हा मात्र आपण तेथे नसतो.

शाळेचा पट पहिलीच्या वर्गात ठरत नाही. तो तीन वर्षे आधीच ठरून गेलेला असतो. ज्या घरचे मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी खाजगी शिशुवर्गात गेले, ते सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेकडे सहसा परत येत नाही, हा गावोगावच्या शिक्षकांचा अनुभव आहे. उन्हाळ्यात शिक्षक दाखलपात्र मुलांची यादी घेऊन घरोघर फिरतात, आणि यादीतली कितीतरी मुले तोवर दुसऱ्याच शाळेच्या गणवेशात दिसतात. ज्युनिअर केजी, सीनिअर केजी पार पडलेली असते. धाकटे भावंडही त्याच गाडीत बसू लागलेले असते. शुल्कासाठी काढलेले कर्ज फिटायचे असते. त्या आईबापांना परत वळविण्यासाठी शिक्षकाजवळ मोफत गणवेश, मोफत पुस्तके आणि दुपारचे जेवण याखेरीज सांगण्यासारखे काही नसते. बाजार आपले दार तिसऱ्या वर्षी उघडतो आणि शासन सहाव्या. सार्वजनिक शाळेचा पराभव मधल्या तीन वर्षांत होऊन गेलेला असतो.

मुलेच कमी जन्माला येत आहेत, त्याला शासन काय करणार, असे यावर शहाजोगपणे विचारले जाते. जननप्रमाण घटले आहे हे खरे, आणि आपण ते नाकारता कामा नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला. पिढीची संख्या कायम राहण्यास २.१ लागतो. तेव्हा काही शाळांचे पट उतरणारच. परंतु मुले कमी झाली म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला अधिक शिक्षक, अधिक जागा, अधिक लक्ष द्यावयाचे की शाळाच काढून घ्यावयाची, हे जननदर ठरवीत नाही, राज्यकर्ते ठरवितात. शिवाय ही घट सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळा ओस पडत असताना त्याच गावच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये इंग्रजी शाळा भरते, ती कोणत्या जननदराने? २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने अशा शाळांना वाट मोकळी करून दिली आणि २०१७ मध्ये कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा मिळाली. विहिरीला लागून दुसरी विहीर खणू द्यायची, आणि जुनीचे पाणी आटले म्हणून ती बुजवायला काढायची, असा हा कारभार आहे.

डहाणू तालुक्याचे उदाहरण घेऊ. ते मुद्दाम घेतो, कारण महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा एक मोठा अध्याय याच मातीत लिहिला गेला. या तालुक्याचे ढोबळमानाने तीन पट्टे पडतात. पश्चिमेला किनारा आणि रेल्वे. तेथे डहाणू, चिंचणी, घोलवड, बोर्डी, चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांच्या वस्त्या. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्याच्या पूर्वेला डोंगर, आणि डोंगरात विखुरलेले वारली, कोकणा, काथोडी यांचे पाडे. खाजगी शिशुवर्ग साहजिकच तेथे दाट आहेत, जेथे पगाराची अथवा धंद्याची नियमित मिळकत आहे, म्हणजे रेल्वे आणि महामार्गाच्या काठाने. तेथून त्यांच्या पिवळ्या गाड्या डांबरी रस्ता जाईल तेथपर्यंत जातात. रस्ता संपला की आईबापांची निवडही संपते.

सार्वजनिक शाळेत कोणाची मुले उरतात, हे या रस्त्यावरून कळते. आधी शिक्षकाचे, ग्रामसेवकाचे, दुकानदाराचे मूल गेले. मग कारखान्यात कायम झालेल्या आदिवासी कामगाराचेही गेले. त्या बापाला दोष देण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटत नाही. पुष्कळ घरांत मुलगा गाडीत बसला आणि त्याची बहीण पाड्यावरच्या शाळेत राहिली. शेवटी उरली ती भूमिहीनांची, काथोड्यांची, आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्यांची मुले. ही शेवटची मुले तर हजेरीपटावर असतात आणि वर्गात नसतात. होळीच्या सुमारास परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. यातून जी शाळा शिल्लक राहते ती गावाची शाळा राहत नाही, गावातल्या सर्वांत गरीब आळीची होते. जात आणि मिळकत यांची जी विभागणी गावठाणाच्या नकाशात दिसते, तीच आता हजेरीपटांत उमटू लागली आहे. आणि ज्या शाळेत गावातल्या वजनदार माणसाचे मूल नाही, तिचे छप्पर गळू लागले तर ग्रामसभेत कोण बोलणार? वीटभट्टीवर गेलेला बाप?

हे असेच होणार होते काय? इतिहास तसे सांगत नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि त्यांनी अनुताई वाघ यांच्या सोबतीने ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. त्यापूर्वी ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. माँटेसोरी पद्धत तेव्हा शहरातील सुखवस्तू घरांची चैन समजली जात होती. महागडी लाकडी साधने बाजूला ठेवून बिया, पाने, शंख-शिंपले, खडे यांवर शिकविता येते, हे या दोघींनी दाखविले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी पाड्यावर, झोपडीच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. गुरे वळणाऱ्या मोठ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी हाही त्यांचाच विचार. आज ज्या गोष्टीला तज्ज्ञ मंडळी मोठमोठी नावे देतात, ती कोसबाडला त्या काळी प्रत्यक्षात होती: तान्हे मूल, तीन वर्षांचे मूल आणि सात वर्षांचे मूल एका घरचे असतात, तेव्हा त्यांची शाळाही एकच असावी.

त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात, त्याच परिसरात, झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि लग्नगडीच्या गुलामीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगितलाच पाहिजे. परंतु कोसबाडच्या कामाकडे डाव्या चळवळीतील आपल्यापैकी अनेकांनी दीर्घकाळ ‘समाजसेवा’ म्हणून पाहिले. सावकाराच्या बांधावरून सुटलेल्या माणसाचे तीन वर्षांचे मूल दिवसभर कोठे असते, हा प्रश्न आपण बायकांच्या आघाडीवर सोपविला आणि मोकळे झालो.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा कोसबाडचे ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले. महाराष्ट्रात धारावी आणि मेळघाटातील धारणी ही सुरुवातीची ठिकाणे होती. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना आरोग्य व आहार शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण. यातील शेवटची सेवा सदैव शेवटचीच राहिली. भुकेचा प्रश्न बिकट होता हे कबूल. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू ज्यांनी पाहिले, ते आहाराला दुय्यम म्हणणार नाहीत. पण पोटासाठी डोके थांबवून ठेवावे असा काही नियम नव्हता. अंगणवाडी ‘खिचडीची शाळा’ झाली, आणि ज्याला खिचडीची गरज नाही त्याने तिच्याकडे पाठ फिरविली.

कायद्यानेही या वयाशी मोठी चलाखी केली. घटनेच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शन होते. ‘चौदापर्यंत’ म्हटले की त्यात तीन वर्षांचे मूलही आले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला मूलभूत हक्क दिला, त्याचा गाजावाजा झाला. पण सहाच्या आतील बालकाला मात्र नव्या कलम ४५ मध्ये, म्हणजे जेथून न्यायालयात हक्क मागता येत नाही अशा जागी, मागे ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ या मुलांसाठी शासन मोफत शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था करू शकेल एवढेच म्हणते. ‘करील’ असे त्यात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्वांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याची घोषणा केली. कायद्यातले ते क्रियापद मात्र जागचे हलले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचे मूल अडाणी राहते. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून विकत घेता येणारे आणि सहाव्या वर्षापासून फुकट मिळणारे शिक्षण ही त्याच अन्यायाची नवी आवृत्ती आहे.

या सगळ्याचा भार वाहते ती अंगणवाडी सेविका. मुलांचे वजन घ्या, घरपोच आहार वाटा, गरोदर मातांच्या नोंदी ठेवा, गावाचे सर्वेक्षण करा, भ्रमणध्वनीवर पोषण ट्रॅकर भरा; २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्जही तिच्याच माथी आले. यातून उरलेल्या वेळात तिने वीस-पंचवीस मुलांना गाणी-गोष्टी शिकवाव्यात. केंद्र शासनाने २०१८ मध्ये तिच्या मानधनाचा आपला हिस्सा ३,००० वरून ४,५०० रुपये केला. शब्दाकडे लक्ष द्या: वेतन नव्हे, मानधन. तिला उपदान मिळण्याचा अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी दिला. तरीही उपदान आणि मानधनवाढ यांसाठी महाराष्ट्रातील सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवस संपावर राहावे लागले. त्या संपात आपले कार्यकर्ते खांद्याला खांदा लावून उभे होते. तरीही एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. संपाच्या मागण्यांत मानधन होते, निवृत्तिवेतन होते. अंगणवाडीतल्या मुलाला काय आणि कसे शिकवावे, त्यासाठी सेविकेला किती प्रशिक्षण आणि किती मोकळा वेळ हवा, हे जनतेपुढे ठळकपणे मांडण्यात आपण कमी पडलो. त्यामुळे तो लढा गावाला ‘बायांचा पगाराचा लढा’ वाटला, आपल्या मुलांचा वाटला नाही.

अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची. एकाच गावात दोन खाती, दोन पर्यवेक्षक, दोन हजेरीपट. अंगणवाडीतून किती मुले पहिलीत गेली आणि किती वाटेत गळाली, याची जबाबदारी कोणावरच नाही. केंद्रप्रमुख पहिलीचा पट मोजतो. मुख्यसेविका वजने मोजते.

मग खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचे काय, असे कोणी विचारील. ती तरतूद अपुरी आहे. तरी श्रीमंत आणि गरीब मुले एका बाकावर बसावीत, ही तिच्यामागची कल्पना सत्ताधाऱ्यांना किती बोचते, हे २०२४ साली दिसले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी विनाअनुदानित शाळांना या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै रोजी ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. गंमत पाहा: गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेतून बाहेर ठेवायचे तेव्हा शेजारची जिल्हा परिषदेची शाळा उत्तम ठरते, आणि पटाचा तक्ता काढला की तीच शाळा परवडेनाशी होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्या तालुका समित्यांतील किती साथींची मुले किंवा नातवंडे अंगणवाडीत जातात? हा प्रश्न आम्ही कोणाला ओशाळे करण्यासाठी विचारीत नाही. या मजकुराच्या लेखकाचाही नातू केजीत जातो, आणि त्यामागे जवळपास दुसरे बरे काही नव्हते हेच कारण आहे. परंतु याच कारणाने प्रत्येक घर एकेकटे बाहेर पडते. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेचा, सर्वांसाठी समान शाळेचा पुरस्कार केला. आपण ती मागणी जाहीरनाम्यात ठेवली. मात्र समान शाळा तिसऱ्या वर्षी सुरू झाली नाही तर सहाव्या वर्षी तिची मागणी करायला गावात घरेच उरत नाहीत, हे आपल्या ध्यानात आले नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेतच बालवर्ग काढा, असे म्हणताच सेविकांच्या संघटनांत अस्वस्थता येते, आणि ती निराधार नाही. पंजाबात नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारी शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू झाले, तेव्हा अंगणवाड्या रिकाम्या होऊन आपल्या पोटावर पाय येईल म्हणून तेथील सेविका रस्त्यावर उतरल्या. कर्नाटकात २०२४ मध्ये सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी काढण्याच्या निर्णयावर असाच संघर्ष झाला. त्यानंतर तेथील शासनाला अंगणवाड्यांतच माँटेसोरी वर्ग सुरू करणे भाग पडले. दोन खात्यांच्या रस्सीखेचीत सेविकेचा बळी जाऊ नये, ही पहिली अट. आमच्या मते वाट अशी आहे: अंगणवाडी शाळेच्या आवारात अथवा शाळेला लागून असावी, सध्याच्या सेविकेला शासनाच्या खर्चाने बालशिक्षिकेचे प्रशिक्षण व नियमित वेतनश्रेणी मिळावी, आहार, वजने व नोंदी यांसाठी तिच्या जोडीला दुसरी पूर्णवेळ कर्मचारी असावी, आणि शाळेचा पट मोजताना तीन ते सहा वर्षांची मुले त्यात धरावीत. ही शेवटची बाब किरकोळ वाटेल, पण पहिली ते चौथीत बारा मुले असलेल्या पाड्यावर अंगणवाडीत दहा मुले असतील, तर ती शाळा बावीस मुलांची आहे, आणि वीसच्या तक्त्यात ती बसतच नाही. जेथे वस्ती दूर आहे तेथे अंगणवाडी पाड्यावरच राहावी. एकत्रीकरणाच्या नावाखाली तीन वर्षांच्या मुलाला चालायला लावणे आम्हाला समूह शाळेइतकेच अमान्य आहे.

वारली, काथोडी मुलांना पुस्तकी मराठी परकी असते. कोसबाडला मुलांच्या बोलीतून सुरुवात होत असे. पाड्यावरचीच शिकलेली मुलगी बालशिक्षिका म्हणून घेतली तर हा प्रश्न निम्मा सुटतो. इंग्रजीच्या ओढीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य. इंग्रजीची ओढ खोटी म्हणून तिची टिंगल करण्याने आपण पालकांना आणखी दूर लोटतो. सार्वजनिक बालवर्गात मूल घरच्या भाषेतून शिकेल आणि पुढे शाळेत त्याला चांगली इंग्रजीही मिळेल, एवढे आश्वासन आपण शासनाकडून घेतलेच पाहिजे.

तातडीने करण्याजोगे काम असे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटले आहे की सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी दिली पाहिजे. या आदेशाचा वापर आपल्या शाखांनी अद्याप फारच थोडा केला आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील वा प्रभागातील तीन ते सहा वर्षांच्या मुलांची घरोघर नोंद करावी: मूल अंगणवाडीत जाते की खाजगी वर्गात की कोठेच नाही, मुलगा की मुलगी, आईबाप हंगामात स्थलांतर करतात काय, खाजगी वर्गाला वर्षाला किती पैसे मोजावे लागतात. नोंद करताना सेविका आणि शाळेचे शिक्षक या दोघांनाही सोबत घ्यावे. हे काम त्यांच्याविरुद्ध नाही, हे त्यांना आधी पटले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील साथींनी ही यादी पाड्याच्या ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्यावा आणि ठरावाची प्रत बालविकास प्रकल्प अधिकारी व गटशिक्षणाधिकारी या दोघांच्याही कार्यालयात पोच घेऊन द्यावी. स्थलांतरित कुटुंबे दिवाळीनंतर निघतात, तेव्हा नोंदी त्याआधी पुऱ्या व्हायला हव्यात. तालुका समित्यांनी याद्यांची एक प्रत आमच्याकडे धाडावी. त्या जशा येतील तशा याच पानावर छापण्याचा विचार आहे.